पॅरिस ते जिनिव्हा : अंतर ४१० किलोमीटर, वेळ ८९ वर्षं

समजा, तुम्ही वराळ्यात शिकताय. तळेगाव स्टेशनला लोकलमधून उतरायचं, शेअर रिक्षा पकडायची किंवा मित्राच्या बाइकवर मागे बसायचं आणि कसंबसं पहिलं लेक्चर गाठायचं, हा रोजचा कार्यक्रम. कँटीनमध्ये कुणीतरी परदेशी मास्टर्सचा विषय काढतं. एकीच्या डोक्यात पॅरिस आहे, दुसऱ्याला स्वित्झर्लंड हवंय. लगेच मोबाइल बाहेर येतो आणि कुणीतरी शोधतं, पॅरिसहून जिनिव्हा किती लांब? उत्तर दोन सेकंदांत हजर. अंतर साधारण ४१० किलोमीटर, विमानानं एक तास दहा मिनिटं. पुणे स्टेशन ते लोणावळा लोकललाही एवढाच वेळ लागतो, असा शेरा कुणीतरी मारतं आणि चहा संपतो.

पण तुमच्यापैकी कुणी इंजिनीअरिंगचं असेल, तर इथे जरा अडखळायला हवं. प्रवासी जेट ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं. मग ४१० किलोमीटरला अर्धा तास पुरे. उरलेली चाळीस मिनिटं गेली कुठे?

त्याचं उत्तर सोपं आहे. अ‍ॅपवर दिसतं ते अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला तर जेवढा लागेल तेवढं. विमान त्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, उतरताना रांग असते, वळसे असतात. शिवाय वेळापत्रकातली वेळ मोजतात ती विमान एका ठिकाणी जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, पुन्हा रांगणं, सगळं त्यात आलं. छोट्या प्रवासात विमानाला आपल्या पूर्ण वेगानं जायला फार कमी वेळ मिळतो. त्यात वारा. भारतातून युरोपकडे जाताना तो बहुतेक वेळा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून तीच दोन शहरं, तेच अंतर, पण जायला जास्त वेळ आणि यायला कमी.

थोडक्यात, अंतर पृथ्वीनं ठरवून टाकलेलं आहे. वेळ मात्र माणसं ठरवतात. आणि हे ज्यानं आयुष्यभर डोक्यात ठेवलं, असा एक माणूस पॅरिसमध्ये जन्मला आणि जिनिव्हात वारला. त्याला या ४१० किलोमीटरला ८९ वर्षं लागली. मधल्या काळात त्यानं आपल्या देशाला उडायला शिकवलं. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. सगळे त्यांना जेआरडी म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

समुद्रकिनाऱ्यावरचा शेजारी

टाटा हे नाव तुम्हाला नवीन नाही. पावसाळ्यात लोणावळ्याला वळवण धरणाच्या बाजूला फिरायला जाता, ते धरण टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधलेलं. पिंपरीतला ट्रकचा कारखाना टाटांचा. पण जेआरडींची गोष्ट सुरू होते ती इथून फार लांब. २९ जुलै १९०४, पॅरिस. वडील रतनजी दादाभॉय, म्हणजे जमशेटजी टाटांचे नात्यातले भाऊ आणि धंद्यातले सहकारी. आई सुझान ब्रिएर, फ्रेंच. पाच भावंडांतलं हे दुसरं अपत्य. बालपण पॅरिस, मुंबई, अगदी जपानमधल्या योकोहामापर्यंत विभागलेलं. युरोप ते मुंबई प्रवास तेव्हा बोटीचा, साधारण दोन आठवड्यांचा. या मुलाला अंतर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, हार्डेलो नावाच्या गावी राहायला जायचं. तिथे त्यांचा शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ. हे नाव लक्षात ठेवा. २५ जुलै १९०९ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उडून इंग्लिश खाडी पार करणारा आणि विमानानं इंग्लंडमध्ये उतरणारा पहिला माणूस. अंतर चाळीस किलोमीटरहूनही थोडं कमी, वेळ सुमारे ३७ मिनिटं. म्हणजे तळेगावहून पुणे स्टेशनला जाण्यापेक्षा फार जास्त नाही. पण त्या ३७ मिनिटांनी युरोपातल्या दोन देशांमधलं अंतर कायमचं बदलून टाकलं. किनाऱ्यावरच्या वाळूत विमानं उतरायची, पोरं पळत जायची, त्यात जेआरडीही. पंधराव्या वर्षी त्याला तिथेच एका विमानात फेरी मारायला मिळाली. आपल्याला हेच करायचं, हे त्या पोरानं तेव्हा ठरवून टाकलं.

ठरवलं खरं, पण तुम्हालाही माहीत आहे, घरचे ठरवतात ते वेगळं असतं. केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकायची त्याची इच्छा होती. १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी शिकाऊ म्हणून बसवलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. बावीस वर्षांचा हा तरुण टाटा सन्सच्या संचालक मंडळावर आला. डिग्री राहिली ती राहिलीच. देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगसमूहांपैकी एकाचा पुढे अर्धशतकाहून जास्त काळ प्रमुख राहिलेल्या या माणसाकडे कॉलेजची पदवी नव्हती, आणि ते त्यांना शेवटपर्यंत खटकत राहिलं. आपण कमी शिकलोय या जाणिवेनं ते तांत्रिक पुस्तकं घेऊन बसायचे. इंटर्नल बुडाल्यावर टाटांचं उदाहरण देणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही लक्षात ठेवलेली बरी.

कराची ते लंडन, आणि मध्ये एक स्पार्क प्लग

मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडींनी नाव नोंदवलं. शिक्षकाबरोबर पावणेचार तास उडून झाल्यावर ते एकटे वर गेले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला, परवान्यावर क्रमांक १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

त्या सुमारास आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्यानं, ठरलेल्या मुदतीत विमानानं जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. तीन तरुण उतरले. मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचा आस्पी इंजिनीअर इंग्लंडहून इकडे निघाले. पंचवीस वर्षांचे जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून तिकडे. हातात एक इंजिन असलेलं उघडं छोटं विमान, जिप्सी मॉथ. रेडिओ नाही, रडार नाही. खाली पाहायचं, नकाशा पाहायचा, होकायंत्र पाहायचं आणि पेट्रोल संपायच्या आत पुढचं मैदान सापडेल अशी आशा करायची. आज तुम्ही एका झोपेत पार करता तो हा रस्ता. तेव्हा त्याचे तुकडे पाडायला लागायचे, आणि प्रत्येक तुकडा दिवसभराचा.

इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर जेआरडी उतरले, तर समोर आस्पी. तो उलट दिशेनं आलेला आणि अडकून पडलेला. त्याच्या इंजिनाचा स्पार्क प्लग गेला होता आणि जवळ जादा प्लग नव्हता.

आता इथे क्षणभर थांबा आणि स्वतःला त्या जागी ठेवा. शर्यत सुरू आहे. समोरचा प्रतिस्पर्धी आपोआप बाद होतोय. तुम्ही काही वाईट करायचं नाहीये, फक्त काही करायचं नाहीये. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी शेजारच्याची फाइल खराब झाली आणि पेन ड्राइव्ह तुमच्याकडे आहे, असं समजा.

जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग देऊन टाकला. आस्पी उडाला. मे महिन्यातच तो कराचीत उतरला, तेव्हा जेआरडींचा प्रवास संपायला काही तास उरले होते. मनमोहन सिंगही पोहोचले, पण मुदतीत नाही. बक्षीस आस्पीला मिळालं. काही तासांचा फरक, आणि तो बहुधा एका प्लगमुळेच. हाच आस्पी इंजिनीअर पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, १९६० ते १९६४. ती शर्यत हरल्याचं जेआरडींना कधी वाईट वाटलं नाही. उलट तो जिंकला म्हणून बरं झालं, असंच ते सांगत राहिले.

येरवड्याच्या मैदानावर

या प्रवासानं त्यांना एक गोष्ट पक्की कळली. त्या वेळी लंडनची टपालं इंग्रजी कंपनीच्या विमानानं कराचीपर्यंत साधारण आठवड्यात यायची. पुढे मात्र ती आगगाडीत पडायची. विमानानं वाचवलेले दिवस रुळांवर जायचे. म्हणजे कराची ते मुंबई हा तुकडा विमानानं जोडला, तर लंडनच जवळ येणार होतं.

नेव्हिल विन्सेंट या वैमानिकानं हीच योजना आणली होती. सरकारनं तीन वर्षं ताटकळत ठेवलं. टाटांनी दोन लाख रुपये घातले, दोन पस मॉथ विमानं घेतली. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी जेआरडी कराचीहून सुमारे २५ किलो टपाल घेऊन उडाले. अहमदाबादला पेट्रोल घ्यायला उतरले. ते पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं! दुपारी दोनच्या जरा आधी विमान जुहूला उतरलं. अहमदाबादमार्गे साधारण हजार किलोमीटर, सात तासांच्या वर थोडी मिनिटं. तिथून विन्सेंटनं टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. भारतीय विमानसेवेची सुरुवात ही अशी.

आणि आता आपल्या भागाचा संबंध. जुहूचा विमानतळ म्हणजे तेव्हा चिखलाचं मैदान. पावसाळ्यात भरतीचं पाणी तिथपर्यंत यायचं, धावपट्टी गायब व्हायची. मग काय करायचं, सेवा बंद? जेआरडींच्या कंपनीनं आपला सगळा संसार, म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, उचलला आणि घाट ओलांडून पुण्याला आणला. येरवडा तुरुंगाजवळच्या मोकळ्या मैदानावरून पावसाळाभर काम चाललं. मावळातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलैत वराळ्याहून समोरचा डोंगर दिसेनासा होतो, रेनकोट असूनही वही भिजते. अशा ऋतूतही टपाल वेळेत पोहोचवण्यासाठी ही माणसं घाटावर मुक्काम हलवत होती.

पहिल्या पूर्ण वर्षात त्यांनी १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून जास्त टपाल नेलं आणि ६० हजार रुपये नफा कमावला. सरकारी अहवालात त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक आलं, कारण वेळ एकदाही चुकली नव्हती. प्रत्येक मैलाइतकीच प्रत्येक मिनिटाचीही नोंद ठेवली जात होती, हे त्यामागचं खरं कारण.

जिनिव्हाचं घड्याळ

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचं नाव एअर इंडिया झालं. देश स्वतंत्र झाल्यावर सरकारच्या भागीदारीत एअर इंडिया इंटरनॅशनल उभी राहिली आणि ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनसाठी पहिलं विमान निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव ‘मलबार प्रिन्सेस’. थांबे दोन, कैरो आणि जिनिव्हा. ३५ प्रवासी आणि त्यांत जेआरडी स्वतः. सुमारे चोवीस तासांचा प्रवास. अठरा वर्षांपूर्वी जवळजवळ याच टप्प्याला त्यांना आठवड्याहून जास्त लागला होता. अंतर तेवढंच होतं, हे वेगळं सांगायला नको.

विमान वेळेवर उतरतंय की नाही, हे पाहायला त्यांची नजर घड्याळाकडे असायची. जिनिव्हात एअर इंडियाचं विमान वर दिसलं की लोक आपलं घड्याळ लावून घ्यायचे, अशी एक गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली. घड्याळांच्या देशात आपल्या विमानाची ही ख्याती! गोष्ट थोडी फुगवलेली असेल. पण अशी गोष्ट कुणाबद्दल पसरते, तेही बघा.

१९५३ मध्ये सरकारनं विमानसेवांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना ते पटलं नव्हतं, त्यांना विश्वासातही घेतलं नव्हतं. तरी अध्यक्ष म्हणून राहा असं सांगितल्यावर ते राहिले, एक रुपयाही पगार न घेता. प्रवास करताना ते वही घेऊन बसायचे. पडद्याचा रंग, खुर्चीची पाठ, चहाची चव, स्वच्छतागृह, सगळ्याची नोंद आणि उतरल्यावर संबंधितांना चिठ्ठी. बेसिन अस्वच्छ दिसलं तर स्वतः पुसायचे. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आलं आणि दोन वर्षांत तिचा सगळा ताफा जेटचा झाला. त्या काळी जगात असं पहिल्यांदाच घडत होतं.

पंचाहत्तर किलोमीटर

इथपर्यंत सगळं छान आहे. पण वेळ माणसं ठरवतात, तेव्हा चूकही माणसांच्याच हातून होते.

३ नोव्हेंबर १९५० ला तीच ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनिव्हाला उतरायच्या तयारीत असताना माँ ब्लाँ शिखरावर आदळली. ४८ जण गेले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ बैरूतहून जिनिव्हाकडे येत असताना पुन्हा त्याच डोंगरावर कोसळलं. ११७ जण मरण पावले. त्यांत होते डॉ. होमी भाभा.

माँ ब्लाँ ते जिनिव्हा विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ७५ किलोमीटर. म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. विमानातलं दिशा दाखवणारं एक उपकरण बंद होतं. खालून रडारवरच्या अधिकाऱ्यानं शिखराच्या संदर्भात विमानाची जागा सांगितली, वैमानिकाचा त्यावरून समज झाला की शिखर मागे पडलं. त्यानं खाली उतरणं चालू ठेवलं. शिखर अजून पुढे होतं. हजारो किलोमीटर बरोबर मोजले होते, शेवटच्या थोड्या किलोमीटरचा हिशेब चुकला.

भाभा हे जेआरडींचे मित्र. टाटांच्या मदतीनंच १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली होती, आणि भारताचा अणुकार्यक्रम तिच्यातून पुढे गेला. स्वतःच्या कंपनीचं विमान, स्वतःचा मित्र. अशा माणसाला वेळापत्रक म्हणजे भिंतीवरचा तक्ता वाटूच शकत नाही. वेळेवर पोहोचणं आणि सुखरूप पोहोचणं यांत निवड करायची वेळ आली, तर आधी काय, हे विमानधंद्यातल्या प्रत्येकाला अशाच दिवसांनी शिकवलंय. तुमच्यातला कुणी उद्या हवाई वाहतूक नियंत्रणात जाईल, कुणी विमानाचं सॉफ्टवेअर लिहील. त्या वेळी स्क्रीनवरच्या आकड्यामागे माणसं बसलेली असतील, एवढं आठवलं तरी पुरे.

उलट प्रवास

१९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. त्यांना ते लागलं. पण १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, हे ७८ वर्षांचे गृहस्थ पुन्हा कराचीत छोट्या लेपर्ड मॉथ विमानात बसले आणि मुंबईला उतरले. तो जुना मार्ग, ती जुनी चाल. आज त्या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. तीच दोन शहरं, तेच अंतर, पण प्रवास तिसऱ्या देशातून. वेळ माणसं ठरवतात म्हणतो ते असंही.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. पुढच्या वर्षी २९ नोव्हेंबरला जिनिव्हाच्या इस्पितळात ते गेले. ज्या शहरात त्यांचं विमान वेळेवर उतरायचं, त्याच शहरात. तिथून त्यांना पॅरिसला नेलं आणि पेर लाशेझ दफनभूमीत, आईवडिलांजवळ विसावा दिला. जिनिव्हा ते पॅरिस, ४१० किलोमीटर. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, ते पाहायला ते नव्हते.

तर कँटीनमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर हे असं. पॅरिस आणि जिनिव्हा एक तास दहा मिनिटांवर आहेत, कारण कुणीतरी वारा मोजलाय, कुणीतरी इंजिन तपासलंय, कुणीतरी रडारसमोर जागं बसलंय. वराळ्याहून पॅरिस किती लांब, हेही एकदा शोधून पाहा. आकडा येईल हजारोंमध्ये, घाबरू नका. फॉर्म भरा, परीक्षा द्या, आणि बॅगेत एक जादा स्पार्क प्लग ठेवा. वाटेत कुणीतरी अडकलेलं भेटतंच.